ऑक्सिजन कमी पडलेल्या हृदयस्नायूवर वनस्पतिजन्य अल्कलॉइडचा परिणाम कसा तपासावा

वनस्पतीतून काढलेला एखादा अल्कलॉइड (नायट्रोजन असलेले, बहुधा अल्कधर्मी संयुग) वेगळ्या काढलेल्या हृदयात सोडला, नंतर ऑक्सिजन तोडला आणि तो परत दिल्यावर औषध न दिलेल्या हृदयापेक्षा हे हृदय अधिक जोमाने आकुंचन पावले, की ‘हा अल्कलॉइड हृदयाचे रक्षण करतो’ असा निष्कर्ष लिहून टाकण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. ऑक्सिजन तुटण्याच्या आधी हृदयाचे काम मंदावणारा कोणताही पदार्थ एटीपीची (पेशीच्या इंधन-रेणूची) बचत करतो, आणि ज्याची शिल्लक जास्त तो नंतर लवकर सावरतो. यात त्या पदार्थाचा विशेष गुण असेलच असे नाही. म्हणून प्रयोगाची आखणीच अशी हवी की ‘नुसती इंधनबचत’ आणि ‘खरे रक्षण’ ही दोन्ही वेगळी ओळखता येतील. पुढील पायऱ्या याच भेदाभोवती रचल्या आहेत. उंदराचे (रॅटचे) हृदय शरीराबाहेर जिवंत ठेवून प्रयोग करणाऱ्या औषधशास्त्राच्या किंवा शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या उपयोगी पडाव्यात.

पहिली पायरी : प्रश्न नेमका करा

‘ऑक्सिजन कमी’ या शब्दांत दोन निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिलीत हृदयातून द्रव वाहत राहतो, पण त्यात ऑक्सिजन नसतो. हिला हायपॉक्सिया म्हणतात. दुसरीत प्रवाहच थांबतो, ती इस्केमिया. पहिल्या अवस्थेत ग्लुकोज मिळत राहते आणि लॅक्टेट, हायड्रोजन आयन, पोटॅशियम व अॅडेनोसिन धुऊन निघतात. दुसऱ्या अवस्थेत हे सगळे स्नायूतच साचते. त्यामुळे पेशीबाहेरचा आम्ल-अल्क समतोल पहिल्या अवस्थेत जवळपास जागच्या जागी राहतो आणि दुसऱ्या अवस्थेत झपाट्याने ढासळतो. अल्कलॉइडच्या बाबतीत हा फरक दुय्यम मुळीच नाही, हे पुढच्या पायरीत दिसेल. येथे मी हायपॉक्सियापुरतेच बोलणार आहे, कारण त्यात औषधाची मात्रा शेवटपर्यंत आपल्या हातात राहते.

प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, कपात आणि वेदनाशमन ही त्रिसूत्री केवळ अर्जातला रकाना भरण्यासाठी नसते. पाच-सहा अल्कलॉइडांमधून एक निवडायचा असेल, तर पहिली चाळणी मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशींवर लावावी आणि निवडलेल्या एकासाठीच प्राण्यांकडे वळावे.

दुसरी पायरी : अल्कलॉइडची ओळख करून घ्या

सर्वप्रथम, जे हातात आहे ते खरोखर अल्कलॉइड आहे का ते पाहा. डिजिटॅलिसमधील डिगॉक्सिन हृदयावर काम करते, वनस्पतीतून येते, तरी ते ग्लायकोसाइड आहे, अल्कलॉइड नव्हे. अनेक प्रबंधांत ही सरमिसळ आढळते. दुसरे, वनस्पतीचा अर्क आणि शुद्ध संयुग यांतला फरक विसरू नका. दारुहळदीच्या अर्कात बर्बेरिनबरोबर पामाटिनसारखे इतर अल्कलॉइडही असतात, आणि अर्कातले पोटॅशियम एकट्यानेच हृदयाची गती बदलू शकते. यंत्रणेचा शोध घ्यायचा असेल तर शुद्ध संयुगच घ्यावे.

वजन करताना क्षाराचे नेमके रूप बाटलीवरून वाचा. निर्जल बर्बेरिन क्लोराइडचे रेणुवस्तुमान सुमारे ३७१.८ आहे आणि दोन जलरेणूंसह असलेल्याचे सुमारे ४०७.८. म्हणजे १० मिलिमोलर तीव्रतेचे १० मिलिलिटर साठा-द्रावण करायला पहिल्याचे ३७.२ मिलिग्रॅम लागेल आणि दुसऱ्याचे ४०.८. हा दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक मात्रा-परिणाम आलेखात गुपचूप शिरतो. बर्बेरिन क्लोराइड थंड पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून साठा डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात करावा लागतो. तो हजारपट पातळ केला की १० मायक्रोमोलर बर्बेरिन आणि ०.१ टक्का डीएमएसओ मिळतो. आता हा ०.१ टक्का किती होतो? जवळपास १४ मिलिमोलर, म्हणजे औषधाच्या सुमारे १,४०० पट. शिवाय डीएमएसओ स्वतः हायड्रॉक्सिल मुक्तमूलके (पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील कण) टिपतो. ऑक्सिजन परत येतो त्या क्षणी नेमका याच गुणाला महत्त्व येते, आणि म्हणून फक्त डीएमएसओ दिलेला गट नसेल तर त्या प्रयोगाला अर्थ उरत नाही. मात्रा कमी केली तरी प्रत्येक हृदयाला मिळणारा डीएमएसओ तेवढाच ठेवावा.

बहुतेक अल्कलॉइड दुर्बल अल्क असतात. त्यांतला विद्युतभाररहित भाग पेशीपटल ओलांडतो आणि भारित भाग अडकून राहतो. ज्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा भाग भारित असतो तो आकडा) ८.४ आहे असा अल्क घ्या. पीएच ७.४ ला त्याचा सुमारे ९ टक्के भाग भाररहित असतो; पीएच ६.८ ला जेमतेम अडीच टक्के. आता हायपॉक्सियात बाहेरचा पीएच ७.४ वर टिकून पेशीच्या आतला पीएच ७.१ वरून ६.८ ला आला, तर आतबाहेरच्या एकूण तीव्रतेचे गुणोत्तर सुमारे १.९ वरून ३.७ वर जाते. नळीतून तीच मात्रा जात असताना पेशीत मात्र जवळपास दुप्पट औषध साठते. अफूतल्या पापाव्हेरिनचा पीकेए साडेसहाच्या आसपास असल्याने त्याच्यावर या बदलाचा परिणाम बराच सौम्य होतो. बर्बेरिनची गोष्ट आणखी निराळी आहे: त्याचा नायट्रोजन कायम धनभारित असतो, पेशीतला पीएच बदलला तरी तो भार जात नाही, आणि ऋणभारित अंतर्भागामुळे ते मायटोकॉन्ड्रियात साठत जाते. मात्र ऑक्सिजनअभावी मायटोकॉन्ड्रियाचा विभव कोसळला की हा ओढाही कमी होतो. एकच मात्रा ऑक्सिजन असताना आणि नसताना ‘एकच’ राहत नाही, ही बाब आखणी करतानाच वहीत लिहून ठेवा.

तिसरी पायरी : द्रावण

१८८३ मध्ये सिडनी रिंगर यांना बेडकाच्या हृदयाबाबत एक कोडे पडले होते. नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात हृदय चालत असे, ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात मात्र ते थांबे. फरक पाण्यातल्या कॅल्शियमचा निघाला. आजही द्रावण करताना सर्वांत जास्त चुका कॅल्शियमच्याच होतात.

क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांचे १९३२ चे द्रावण आजही चालते. १ लिटरसाठी सोडियम क्लोराइड ६.९० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५ ग्रॅम, सप्तजल मॅग्नेशियम सल्फेट ०.३० ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.१० ग्रॅम आणि ग्लुकोज १.९८ ग्रॅम घ्यावे. हे सगळे विरघळल्यावर ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला वायू किमान २० मिनिटे बुडबुडत ठेवावा, पीएच ७.४ जवळ आल्याची खात्री करावी आणि मगच १ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे २.५ मिलिलिटर ढवळत ढवळत घालावे. क्रम उलटा झाला तर वायू न मिळालेले बायकार्बोनेट द्रावण अल्कधर्मी असते, त्यात कॅल्शियम गढूळपणाने खाली बसते आणि पुष्कळसे अल्कलॉइडही त्याच पीएचला द्रावणातून बाहेर पडतात. शेवटी द्रावण बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळावे, कारण डोळ्यांना न दिसणारे कण करोनरी केशवाहिन्या बंद करतात.

ग्लुकोजकडे दुर्लक्ष होते. ऑक्सिजन नसताना ग्लायकोलिसिस (ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडणे) हाच एटीपीचा मुख्य आधार उरतो, त्यामुळे ग्लुकोज ११ मिलिमोलर ठेवणे की ५ ठेवणे यावर हृदय किती मिनिटांनी आखडेल हे ठरते. ग्लुकोज कमी करून परासरण दाब राखण्यासाठी मॅनिटॉल घालण्याची पद्धत आहे. पण मॅनिटॉलही मुक्तमूलके टिपतो, म्हणून मी सुक्रोज घेणे पसंत करतो.

चौथी पायरी : हृदय टांगणे

महाधमनीतून उलट दिशेने द्रव सोडून सस्तन प्राण्याचे हृदय जिवंत ठेवण्याची रीत ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केली. द्रवाच्या दाबाने महाधमनीची झडप मिटते आणि द्रव करोनरी वाहिन्यांत शिरतो. खोल भूल आणि रक्त गोठू न देणारे हेपारिन दिल्यावर हृदय काढून बर्फगार द्रावणात घ्यावे आणि तीन मिनिटांच्या आत कॅन्युलावर (महाधमनीत बसणाऱ्या नळीवर) चढवावे. कॅन्युलाचे टोक झडपेच्या वर राहिले पाहिजे. ते खाली घुसले तर करोनरी मुखे झाकली जातात आणि पुढचे सगळे आकडे फसवे येतात. डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत छोटा फुगा सारून त्यात पाणी भरावे आणि प्रसरणाच्या शेवटीचा दाब ५ ते १० मिमी पारा एवढा बसवावा. त्यानंतर फुग्याला हात लावू नये, कारण पुढे हाच दाब वाढतो की नाही हे पाहायचे आहे.

द्रव स्थिर दाबाने सोडावा की स्थिर प्रवाहाने, यावर मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे: अल्कलॉइडचा स्नायूवरचा थेट परिणाम पाहायचा असेल तर स्थिर प्रवाह घ्या, हृदयाच्या दर ग्रॅममागे मिनिटाला साधारण १० मिलिलिटर. ऑक्सिजन कमी पडला की करोनरी वाहिन्या आपोआप रुंदावतात. पापाव्हेरिन किंवा टेट्रान्ड्रिन त्या आणखी रुंदावतात. स्थिर दाब ठेवला तर अशा हृदयाला जास्त द्रव, जास्त ग्लुकोज आणि जास्त धुलाई मिळते, आणि वाहिनीवरचा परिणाम स्नायूच्या खात्यात जमा होतो. स्थिर प्रवाहात तो करोनरी दाबाच्या नोंदीत वेगळा दिसतो.

गतीही बांधून ठेवावी. उंदराच्या हृदयाला विद्युत उद्दीपनाने मिनिटाला ३३० च्या आसपास ठोके द्यावेत. नाहीतर गती मंदावणारा प्रत्येक अल्कलॉइड ‘रक्षक’ ठरेल. अतिऑक्सिजनच्या द्रवावर ३० मिनिटे स्थिरावू द्यावे आणि कोणते हृदय बाद करायचे याचे निकष आधीच लिहून ठेवावेत. चांगले टांगलेले हृदयही तासाला ५ ते १० टक्क्यांनी मंदावते, म्हणून कोणताही हस्तक्षेप न केलेला काळ-तुलना गट आवश्यक आहे.

उंदराची एक मर्यादा येथेच सांगतो. त्याच्या हृदयपेशीत दर ठोक्याला लागणाऱ्या कॅल्शियमपैकी सुमारे ९२ टक्के पेशीतल्या जालिकेत (कॅल्शियमच्या कोठारात) परत जाते, तर सशात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या जवळ असते. त्यामुळे जालिकेवर काम करणारा अल्कलॉइड उंदरात अधिक प्रभावी, आणि पेशीपटलाच्या कॅल्शियम चॅनलवर काम करणारा तुलनेने सौम्य वाटू शकतो. माणूस या बाबतीत सशाच्या जवळचा आहे.

पाचवी पायरी : ऑक्सिजन काढून घेणे

दुसऱ्या टाकीतील द्रावणात ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड किमान ४५ मिनिटे बुडबुडत ठेवावा. शुद्ध नायट्रोजन वापरू नये. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच वर चढतो आणि दोन गोष्टी एकदम बदलतात. सोडियम डायथायोनाइट टाकून ऑक्सिजन संपवण्याचा झटपट मार्गही टाळावा, कारण त्या अभिक्रियेतच मुक्तमूलके तयार होतात.

टाकीतला आकडा खरा मानू नका. सिलिकॉनची नळी ऑक्सिजनला अडवत नाही. मीटरभर नळीतून जाताना हवेतला ऑक्सिजन द्रवात परत मिसळतो. माझे सुरुवातीचे कितीतरी प्रयोग यामुळेच वाया गेले: टाकीत ऑक्सिजन जवळपास शून्य, हृदय मात्र निवांत आकुंचन पावत होते, आणि मी त्याचे श्रेय अल्कलॉइडला देऊन मोकळा झालो होतो. काच किंवा पोलादी नळी वापरा, तिची लांबी कमीत कमी ठेवा, ऑक्सिजनमापक कॅन्युलाच्या लगेच वर बसवा आणि हृदय ज्या पात्रात लटकते तेथेही नायट्रोजन वाहता ठेवा. लक्षात ठेवा, या द्रवात हिमोग्लोबिन नाही. नुसत्या हवेने संपृक्त झालेला द्रवदेखील झपाट्याने धडधडणाऱ्या हृदयाला अपुराच पडतो.

आराखडा असा ठेवता येईल: ३० मिनिटे स्थिरावणे, १५ मिनिटे अल्कलॉइड, ३० मिनिटे हायपॉक्सिया, ४० मिनिटे पुन्हा ऑक्सिजन. एका ग्रॅमच्या हृदयाला एकूण सुमारे १.१५ लिटर द्रव लागतो. प्रत्येक टाकीत पुरेसा जास्तीचा ठेवा, कारण मध्येच द्रव भरला की ऑक्सिजनचा समतोल बिघडतो.

औषध नसलेले हृदय आधी वाचायला शिका. ऑक्सिजन तुटल्यावर आकुंचनाचा जोर पहिल्या काही मिनिटांतच कोसळतो. तेव्हा एटीपी अजून फारसा घटलेला नसतो. क्रिएटिन फॉस्फेट (एटीपी भरून काढणारा राखीव साठा) आधी संपते, सुटलेले अजैविक फॉस्फेट आणि आतली आम्लता आकुंचनतंतूंची कॅल्शियमला असलेली संवेदनशीलता कमी करतात. नंतर एटीपीवर अवलंबून असलेले पोटॅशियम चॅनल उघडतात, जे अकिनोरी नोमा यांनी १९८३ मध्ये हृदयपेशींत दाखवले, आणि विद्युतविभवाचा काळ आखूड होतो. एटीपी खरोखर तळाला गेला की मायोसिन ॲक्टिनला सोडत नाही आणि प्रसरणदाब चढू लागतो. ऑक्सिजन परत आला की दुसरा आघात होतो: आम्लता दूर करताना आत आलेले सोडियम बाहेर टाकण्यासाठी सोडियम-कॅल्शियम विनिमय उलटा चालतो, कॅल्शियम पेशीत लोटते, मायटोकॉन्ड्रियाची छिद्रे उघडतात आणि स्नायू आखडतो. म्हणजे आलेखावर तीन स्वतंत्र घटना आहेत: जोर कोसळणे, प्रसरणदाब चढणे आणि परतीचा आखडपणा. एकच अल्कलॉइड पहिली बिघडवून तिसरी सुधारू शकतो.

सहावी पायरी : आधी भरपूर ऑक्सिजनमध्ये मात्रा ठरवा

०.१, ०.३, १, ३, १० आणि ३० मायक्रोमोलर अशा पायऱ्यांनी जोराचा आलेख काढा. एकाच हृदयावर चढत्या मात्रा देणे सोयीचे असते, पण पेशीत साठणाऱ्या अल्कलॉइडला ते चालत नाही. तेथे एका हृदयाला एकच मात्रा. यातून दोन मात्रा निवडा: जोर १० टक्क्यांपेक्षा कमी घटवणारी आणि तो ३० ते ४० टक्क्यांनी घटवणारी. पहिल्या मात्रेलाही पुढे फायदा दिसला, तर इंधनबचतीचे स्पष्टीकरण बरेच लंगडे पडते.

सातवी पायरी : गट

सगळा निकाल या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून येथे कंजूषी नको. काळ-तुलना गट आणि केवळ डीएमएसओ दिलेला हायपॉक्सिया गट हे पायाभूत झाले. त्यानंतर अल्कलॉइड तीन वेगवेगळ्या वेळी द्यायचा. एका गटाला तो हायपॉक्सियाच्या आधी द्यावा आणि ऑक्सिजन तोडण्यापूर्वी धुऊन काढावा. दुसऱ्याला संपूर्ण काळ. तिसऱ्याला फक्त ऑक्सिजन परत देताना. तिसऱ्या गटात हायपॉक्सियातील काम औषधाने कमी झालेलेच नसते. म्हणून तेथे जो फायदा दिसेल तो हायपॉक्सियातल्या बचतीचा असू शकत नाही. तो परतीच्या आघाताशी निगडित असतो. पहिल्या गटात फायदा टिकला, तर पूर्वसज्जतेचा, म्हणजे आधीच्या छोट्या आघाताने हृदय पुढच्या मोठ्या आघाताला तयार होण्याचा, विचार करावा. मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयात रक्तप्रवाहाचे पाच-पाच मिनिटांचे चार छोटे अडथळे आधी देऊन दाखवले की पुढच्या ४० मिनिटांच्या अडथळ्यानंतरचे मृत क्षेत्र तुलना गटाच्या चौथाईवर येते. मात्र ‘धुऊन काढला’ हे गृहीत न धरता, बाहेर पडणाऱ्या द्रवात अल्कलॉइड उरला आहे का ते मोजून दाखवा.

आणि आता तो गट, जो बहुतेकजण ठेवत नाहीत: समान-मंदन गट. तुमचा अल्कलॉइड जोर ३५ टक्क्यांनी कमी करत असेल, तर दुसऱ्या कोणत्या तरी साध्या मार्गाने तो तेवढाच कमी करा आणि दोन्ही हृदये समोरासमोर ठेवा. सोपा उपाय म्हणजे द्रवातले कॅल्शियम कमी करणे. ते बटण फिरवावे तसे परत वाढवता येते. कॅल्शियम पूर्ण काढू नका, कारण कॅल्शियमविरहित द्रवानंतर ते परत दिले की पेशी फुटतात, आणि तो निराळाच रोग आहे. पण कॅल्शियम कमी केल्याने परतीचा कॅल्शियमभारही थोडा कमी होतो, कॅल्शियम चॅनल रोखणारे व्हेरापामिल वापरले तरी तेच. म्हणून या तुलनेत अल्कलॉइड बरोबरीत सुटला तरी त्याचे निदान निर्विवाद नसते. मायोसिनलाच थोपवणारे ब्लेबिस्टॅटिन कॅल्शियमला फारसा हात न लावता काम थांबवते, त्यामुळे निखळ इंधनबचत कशी दिसते हे त्यावरून कळते. अडचण एवढीच की ते सहज धुऊन निघत नाही. त्या गटात परतीचा जोर वाचता येत नाही, एटीपी आणि एन्झाइमगळती वाचावी लागते. निळ्या प्रकाशाने ते बिघडते, म्हणून टाकी झाकावी.

समान-मंदन गट आणि अल्कलॉइड गट सारखेच सावरले, तर प्रबंधात तेच लिहा. तो निकाल कमीपणाचा नाही. अनेक औषधांची उपयुक्तता तेवढ्यावरच उभी आहे.

आठवी पायरी : मोजमापे

विकसित दाब, म्हणजे आकुंचनदाबातून प्रसरणदाब वजा करून आलेला आकडा, एकटा देऊ नये. प्रसरणदाब चढल्यानेही तो घटतो, म्हणून दोन्ही वेगळे छापा. दाब चढण्याचा आणि उतरण्याचा कमाल वेग, करोनरी दाब, लयबिघाडाचे प्रकार व काळ यांची नोंद ठेवा. बाहेर पडणाऱ्या द्रवात लॅक्टेट आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज (इजा झालेल्या पेशींतून गळणारे एन्झाइम) मोजा. एटीपी व क्रिएटिन फॉस्फेटसाठी द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या धातूच्या चिमट्याने हृदय धडधडत असतानाच चिमटून गोठवावे. कात्रीने कापून मग गोठवण्यात जाणारे काही सेकंददेखील क्रिएटिन फॉस्फेटचा आकडा खोटा करतात.

रंगीत आणि चमकणाऱ्या अल्कलॉइडपासून सावध राहा. बर्बेरिन पिवळे आहे, सुमारे ३४५ नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषते आणि अतिनील प्रकाशात चमकते. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची नेहमीची चाचणी ३४० नॅनोमीटरला वाचतात. प्रत्येक नमुन्यासाठी औषधासह पण अभिक्रियेविना असा कोरा नमुना लावला नाही, तर एन्झाइमगळतीचा आकडा औषधाच्या रंगाने बदलतो. कॅल्शियमदर्शक प्रदीप्त रंगद्रव्यांबाबतही हीच दक्षता हवी.

नववी पायरी : यंत्रणेनुसार अर्थ लावा

वचनागातील ॲकोनिटिन सोडियम चॅनल बंद होऊ देत नाही. हायपॉक्सियात पेशीत सोडियम आधीच वाढत असते. त्यावर ही भर पडली की परतीचा कॅल्शियमपूर आणि लयबिघाड दोन्ही चिघळतात. हा अल्कलॉइड उपचार म्हणून नव्हे, बिघाड मुद्दाम वाढवून तुमची मोजमापे तो पकडतात का हे तपासण्यासाठी वापरावा. तो काही मिलिग्रॅममध्ये माणसाला मारू शकतो, त्यामुळे हातमोजे, बंद कपाट आणि वजनाची नोंदवही यात सवलत नाही.

क्विनिडिनचा इतिहास लयबिघाडातून सुरू होतो. क्विनीन घेतल्यावर आपली अनियमित नाडी सुधारते हे एका रुग्णाने वेंकेबाख यांच्या लक्षात आणून दिले आणि त्यांनी ते १९१४ मध्ये नोंदवले. १९१८ मध्ये फ्रे यांनी सिंकोनातील अल्कलॉइडांत क्विनिडिन सर्वांत प्रभावी असल्याचे दाखवले. असे सोडियम-रोधक विध्रुवित (विद्युतविभव घटलेल्या) पेशींत अधिक घट्ट चिकटतात, आणि ऑक्सिजन नसलेली पेशी विध्रुवितच असते. म्हणून सामान्य हृदयात निरुपद्रवी वाटणारी मात्रा हायपॉक्सियात विद्युतवहन इतके मंद करू शकते की लयबिघाड थांबण्याऐवजी सुरू होतो. सर्पगंधेतील अजमालिनही याच कुळातले.

स्टेफानियातील टेट्रान्ड्रिन कॅल्शियम चॅनल रोखते. त्याच्या बाबतीत समान-मंदन गटाशिवाय एक वाक्यही लिहू नये. पापाव्हेरिन फॉस्फोडायएस्टरेज रोखून चक्रीय एएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू) वाढवते आणि त्याच वेळी मायटोकॉन्ड्रियातील श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलालाही अडवते. बर्बेरिनही हे संकुल अडवते. ऑक्सिजन नसताना या गुणाचा काही परिणाम दिसत नाही, कारण श्वसनसाखळी तशीही थांबलेली असते; ऑक्सिजन परत येताना मात्र तो दोन्ही दिशांनी काम करू शकतो. साखळीचा वेग अंशतः रोखल्याने मुक्तमूलकांचा पहिला झोत कमी होतो, आणि जास्त रोखल्यास एटीपी परत उभाच राहत नाही. मात्रेनुसार उलटणारा असा परिणाम दिसला तर प्रयोग चुकला असे समजू नका.

कॅफिन आणि थिओफिलिन यांचा सापळा वेगळा आहे. दहा मिलिमोलर कॅफिन जालिकेतील कॅल्शियम रिते करते; काही दहा मायक्रोमोलरमध्ये ते अॅडेनोसिनचे ग्राही अडवते. हायपॉक्सियात हृदय स्वतःच अॅडेनोसिन सोडून वाहिन्या रुंदावते आणि काम आवरते, म्हणजे येथे अल्कलॉइड हृदयाच्या स्वतःच्या बचावालाच अडथळा आणतो. रेसर्पिन टोचलेल्या प्राण्याचे हृदय घेतले तर चेतातंतूंतील नॉरअॅड्रेनॅलिनचा साठाच नसतो, आणि त्यामुळे एक उपयुक्त तपासणी होते: तुमच्या अल्कलॉइडचा फायदा अशा हृदयात नाहीसा झाला, तर तो नॉरअॅड्रेनॅलिनशी झगडून मिळत होता.

दहावी पायरी : आकडे

एक प्राणी म्हणजे एक आकडा. एका हृदयाचे हजार ठोके हजार आकडे होत नाहीत. कोणते हृदय कोणत्या गटात हे यादृच्छिक पद्धतीने ठरवा आणि दाबाच्या आलेखाचे वाचन गट न ठाऊक असलेल्या व्यक्तीकडून करून घ्या. पिवळे बर्बेरिन हे गुपित फोडते, म्हणून सगळ्याच टाक्यांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळा. मुख्य निकष एकच आणि आधीच ठरवलेला असावा, उदाहरणार्थ ऑक्सिजन परत दिल्यानंतर ४० व्या मिनिटाचा विकसित दाब. तो केवळ टक्क्यांत देऊ नका: औषधाने आधीच दाब ६० वर आणला असेल आणि नंतर तो ४५ झाला, तर ‘७५ टक्के पुनर्प्राप्ती’ दिसते, औषध नसलेले हृदय १०० वरून ५० वर आले, तर ती ५० टक्केच दिसते, जरी प्रत्यक्ष जोर त्याचाच जास्त असला.

हे निष्कर्ष माणसाच्या तोंडावाटे घेतलेल्या औषधाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. उंदरांत तोंडावाटे दिलेल्या बर्बेरिनचा एका टक्क्यापेक्षाही कमी भाग रक्तात पोहोचतो, आणि नळीतून दिलेले १० मायक्रोमोलर त्याच्या कितीतरी पुढे असतात. हृदयविकाराच्या रुग्णाने यावरून काढे किंवा पूड सुरू करणे धोक्याचे आहे. अल्कलॉइड इतर औषधांच्या विघटनातही अडथळे आणतात.

दिवसाच्या शेवटी नळ्या धुताना थोडे कष्ट घ्यावेत. अल्कलॉइड रबर आणि प्लॅस्टिकला चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू सुटतात. आधी सौम्य आम्लाने, मग भरपूर ऊर्ध्वपातित पाण्याने यंत्रणा धुवावी, शेवटच्या धुलाईच्या पाण्याची प्रकाशशोषणमापकावर तपासणी करावी आणि सकाळचे पहिले हृदय नेहमी केवळ डीएमएसओचे ठेवावे. त्याचा दाब गेल्या महिन्यातल्या तशाच हृदयांपेक्षा सरळ खाली दिसला, तर त्या दिवशीचा दुसरा प्राणी घेण्याआधी नळ्या बदला.